खदिजाने काढलेला अर्क

दूध उद्या नासणार हे खदिजाला आज वासावरून कळायचं. बहारीनच्या झिंज भागातल्या त्या चार मजली इमारतीत तिचं नाक प्रसिद्ध होतं. वरच्या मजल्यावरची रत्नाबाई नवा मसाला आणला की पुडी घेऊन आधी हिच्या दारात यायची. खदिजा चिमूटभर तळहातावर चोळायची, हुंगायची आणि सांगायची, "धणे जुने हायत गो. परत कर." त्याच नाकाच्या भरवशावर तिने नवऱ्याचा पाय वाचवायचं ठरवलं.

नवरा ताहिर आणि ती, दोघंही कोकणातल्या म्हसळ्याची. ताहिरला बहारीनमध्ये एकोणीस वर्षं झाली होती. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचं त्याचं काम. बुदैयाच्या हायवेलगत उभ्या राहिलेल्या कितीतरी नव्या व्हिलांच्या खिडक्या त्याच्या हातच्या. सोळाव्या वर्षी बिडी लागली ती लागलीच. इकडे आल्यावर सिगरेट ओढू लागला, तरी गावाहून कुणी येणार असलं की बिडीचे कट्टे मागवायचा. शिडीवर चढल्यावर ओठांत काही नसेल तर हात चालत नाही म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या पायाची करंगळी निळी पडली. आधी त्याला वाटलं, बूट चावला. मग ती काळी पडली आणि पाय असा ठणकू लागला, की तो पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून तासन्‌तास बसून राहायचा. पाय लोंबता ठेवला की जरा बरं वाटे.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर निवेदिता पुण्याच्या निघाल्या. मराठी ऐकून दोघांना हायसं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

"तंबाखूमुळे तुमच्या पायातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात," त्या म्हणाल्या. "औषधं देईन, पण खरं औषध एकच. तंबाखू बंद. ओढायची नाही, चघळायची नाही, कुठल्याच रूपात घ्यायची नाही. निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्यासुद्धा तुम्हाला चालणार नाहीत. थोडं जरी घेतलंत तरी आजार चालू राहील आणि मला एकेक बोट कापत बसावं लागेल."

करंगळी कापली. ताहिरने नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी दुपारी खदिजा कचरा टाकायला बाहेर पडली, तर हा बँडेजचा पाय पसरून जिन्यात बसलेला, बोटांत सिगरेट. तिला बघून त्याने ती विझवली नाही. रडायला लागला.

"मना जमत नाय, खदिजा. पाय ठणकायला लागला की तर नायच जमत."

खदिजाने नवस बोलून झाले, भांडून झालं. तेरा वर्षांच्या जिकराला बापाच्या पाळतीवर ठेवून झालं. ती पोर एकदा वैतागून म्हणाली, "आय कान्ट डू धिस, अम्मी. ही इज माय फादर." त्या दिवसापासून तेही सोडलं.

मग नझीर आला. हा ताहिरचा जुना दोस्त, उम्म अल हस्सममध्ये राहणारा, गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. तो स्वतः सिगरेट सोडून व्हेप, म्हणजे वाफेची इलेक्ट्रॉनिक सिगरेट ओढत होता. त्याने ताहिरसाठी एक यंत्र आणलं आणि चवींच्या तीन बाटल्या. आंबा, पुदिना आणि कसलंसं निळं फळ. तिन्ही बिननिकोटीनच्या. ताहिरने दोन झुरके घेतले आणि यंत्र खाली ठेवलं.

"सरबत ओढतोय काय मी?"

"तंबाखूची चव पायजे तर ती घरी काढता येते," नझीर म्हणाला. "इंटरनेटवर लोक काढतात. पानं भिजत घालायची, गाळायची, मुरवायची. बस."

खदिजा दारात उभी होती. "आणि निकोटीन?"

"ते वेगळं विकत मिळतं, भाभी. वरून घालावं लागतं. आपण घालायचंच नाय. नुसता वास, नुसती चव. झिरो."

"अगदी झिरो?"

"खलास. झिरो."

"डॉक्टरबाईंना विचारून घेऊ या एकदा," खदिजा नवऱ्याला म्हणाली.

"कशाला? त्या नायच म्हणणार," ताहिर म्हणाला. "आणि मग मी परत जिन्यात."

खदिजाने विचारलं नाही. हे न विचारणं पुढे तिला जन्मभर पुरणार होतं.

नझीरने बिनवासाच्या गोडसर, दाट द्रावणाच्या बाटल्या आणून दिल्या, त्यातच पानं भिजवायची. पहिल्या खेपेला बाजारातून पाइपची तंबाखू आणली, कातरून बरणीत घातली आणि बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. आच जास्त झाली. जे निघालं त्याला करपलेल्या वहीसारखा वास होता. ते फेकलं. दुसऱ्या खेपेला आच लावलीच नाही. दहा दिवस नुसतं भिजू दिलं, मग कॉफीच्या गाळणकागदातून थेंब थेंब गाळलं. वास सुंदर आला. चिकूच्या सालीसारखा, मागे थोडं नवं चामडं. खदिजाने थेंबभर अर्क जिभेवर टेकवून पाहिला, चूळ भरली, मनाशी खूश झाली. ताहिरने एक झुरका घेतला आणि मान हलवली.

"चांगलाय. पण माझा नाय. ह्यात गूळ हाय. मना बिडी पायजे."

तेव्हा खदिजाने कपाटात लपवलेले बिडीचे कट्टे काढले. एकेक बिडी उलगडली, वरचं पान बाजूला केलं, आतली भुकटी जमा केली. ती तव्यावर नुसती गरम केली, कारण बिडीचा वास पेटल्यावरच पुरा येतो हे तिला ठाऊक होतं. मग बरणी भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन आठवडे ठेवली. रोज सकाळी हलवायची, झाकण काढून हुंगायची. पहिल्या आठवड्यात ओल्या पेंढ्याचा वास, दुसऱ्यात मातीचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी झाकण उघडलं आणि तिला गावची ओसरी दिसली, सासरे बिडी ओढत बसायचे ती. पाच वेळा गाळल्यावर अर्क कडक कोऱ्या चहासारखा स्वच्छ झाला.

ताहिरने झुरका घेतला, छातीत धरला, डोळे मिटले. मग नुसतं म्हणाला, "खदिजा."

त्या दिवसापासून सिगरेट सुटली. खदिजा खिसे तपासायची, हात हुंगायची, काही नाही. आठवड्याभराने तो म्हणाला, जरा कडक कर. तिने बिनवासाच्या द्रावणात अर्काचे दोन थेंब वाढवले. मग आणखी कडक. मग आणखी. शेवटी बाटलीत निम्मा अर्क जाऊ लागला. नवऱ्याला आपल्या हातची चव आवडली, यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. दोन महिने ती खुशीत होती, मात्र ताहिरच्या पायाचा ठणका काही थांबत नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर निवेदितांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. लघवीत निकोटीनचा अंश सापडला होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे.

"ताहिरभाई, तुम्ही ओढताय."

"नाय, बाईसाहेब. दोन महिने हात लावला नाय."

"रिपोर्ट खोटं बोलत नाही. मी तुमच्यावर रागावत नाहीये, पण शेजारचं बोट बघा. रंग बदललाय."

"मुलीची शपथ," ताहिर म्हणाला. "जिकराची शपथ."

खदिजाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला तो परका वाटला. मुलीची शपथ खोटी घेणारा माणूस आणखी काय करणार नाही?

घरी येऊन तिने सगळं उलथंपालथं केलं. गाद्या, बुटांच्या पेट्या, हत्यारांची पिशवी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागची जागा. फोरमनला फोन करून विचारलं. काहीच मिळेना, तसतसा तिचा संताप वाढत गेला. शेवटी तिने त्याला हात-तोंड धुऊन वजू करायला लावलं आणि कुराणशरीफ पुढे ठेवलं. त्याने हात ठेवला.

"मी ओढली नाय."

"तुम्ही खोटे," खदिजा म्हणाली. "पाय गेला तरी चालेल तुम्हाला, पण खोटं सुटणार नाय. लंगडे होऊन बसलात तर मी पाणी द्यायला येणार नाय, सांगून ठेवते."

जिकरा खोलीतून हे ऐकत होती. ताहिरने हळूच हात उचलला, पलंगावर जाऊन बसला आणि पाय खाली सोडला. अकरा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेजारचं बोट काळं पडलं, मग त्याच्या शेजारचं.

बाराव्या दिवशी अर्क संपत आला म्हणून खदिजा नवी बरणी गाळायला बसली. बोलत नव्हती तरी तेवढं करायचं तिने सोडलं नव्हतं. या खेपेला दुप्पट काढायचा होता, म्हणून तिने भिजलेली भुकटी फडक्यात बांधून दोन्ही हातांनी पिळली. सकाळभर हात त्यात बुडलेले. दुपार व्हायच्या आधी तिचं डोकं गरगरायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं, छाती धडधडू लागली, अंगाला गार घाम. मोरीपर्यंत जाऊन ती भडाभडा ओकली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

असं एकदाच झालं होतं तिला. सात वर्षांची असताना मामांच्या डबीतली तंबाखू गंमत म्हणून तोंडात टाकली होती. हेच गरगरणं, हाच घाम.

मोरीच्या भिंतीला टेकून तिने आपले पिवळे झालेले हात बघितले. ह्यात झिरो कसं? पानातला वास आला, चव आली, मग पानातलं बाकी सगळं काय बरणीबाहेर थांबलं? एवढं साधं आपल्याला कळलं नाही. आणि तो जरा कडक कर, आणखी कडक कर म्हणत होता, ते काय नुसत्या चवीसाठी?

ती ओल्या कपड्यांनिशीच बाहेर आली. ताहिर पलंगाच्या कडेला बसला होता.

"अवो," ती म्हणाली. "बाटलीत हाय ते. निकोटीन. बाटलीतच हाय. मीच देत होते तुम्हाला."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हणजे मी खोटा नव्हतो."

एवढंच. खदिजाला वाटलं, याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर निवेदितांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"पानात आहे ते अर्कात उतरणारच, खदिजा. तेही बिडीची तंबाखू म्हणजे कडक. मला आधी का नाही सांगितलंत?"

"आता काय होईल?" तिने विचारलं.

"दोन बोटं जातील. बहुधा पुढचं अर्धं पाऊलही. आज जरी सगळं थांबलं तरी."

ऑपरेशनला चार दिवस होते. त्या चार दिवसांतली एक दुपार खदिजा कधी कुणाला सांगत नाही. ती बरण्या रिकाम्या करायला बाथरूममध्ये गेली आणि ताहिर भिंत धरत, एका पायावर उड्या मारत मागोमाग आला. हात जोडले. "एक थेंब ठेव. ऑपरेशनपर्यंत. पाय तर जाणारच हाय ना, मग काय फरक पडतो? खदिजा, तुझ्या पाया पडतो." आणि तो मोठा, दांडगा माणूस खरंच खाली वाकला. तिने एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने बरणी उलटी केली. तो तिच्या दंडाला चावला. ती ओरडली नाही. बरणी रिकामी होईपर्यंत तिने धरून ठेवली. बाथरूमभर सासऱ्यांच्या ओसरीचा वास दाटला आणि दोघं त्या वासात रडत बसली. दरवाजाबाहेरून जिकरा म्हणत होती, "अब्बा? अम्मी? प्लीज ओपन द डोअर."

अर्धं पाऊल गेलं. नंतरचे तीन महिने घरात कुणी धड जेवलं नाही. ताहिर भिंतीवर डोकं आपटायचा, भांडी फेकायचा, मग लहान मुलासारखा माफी मागायचा. बाहेर जाऊन विकत आणायला त्याला पाय नव्हता. नझीरने एकदा फोन केला, तर खदिजाने तो उचलला नाही.

तीन महिन्यांनी रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर निवेदितांनी तो आधी खदिजाच्या हातात दिला. पायावरची जखम भरत होती. आता ताहिर वर्कशॉपमध्ये खुर्चीवर बसून खिडक्यांची रबरी पट्टी कापतो. शिडीवर दुसरी माणसं चढतात.

रिपोर्ट आला त्याच दिवशी संध्याकाळी खदिजाने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"माफ केलं म्हणा," ती म्हणाली.

"म्हणायला लागतंय काय?"

"लागतं. औषध समजून दिलं, ते एक. पण कुराणावर हात ठेवला तेव्हाही मी तुम्हाला खोटं ठरवलं. त्याचं."

ताहिरने कप उचलला, खाली ठेवला. खिडकीबाहेर गाड्यांची रांग लागली होती, कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. हॉर्न थांबल्यावर ताहिरने तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्याचं केलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं करीन. इंशाल्ला. थोडा वेळ दे."

खदिजाने मान हलवली आणि चहा गार होतोय म्हणून कप परत त्याच्या हातात दिला.