छिन्नीचं पाणी

आमच्या भट्टीवर घण मारायचं काम माझं होतं. भाता ओढायचा, कोळसा फोडायचा, तेही मीच. पण तापल्या लोखंडाला पाणी पाजायची वेळ आली की माझे वडील, आबा, म्हणायचे, "जा गं, चहाचं बघ जा." पाणी पाजणं म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करणं. लोहाराची सगळी किंमत त्यातच. आणि ते पोरीला दाखवायचं नाही अशी आमच्याकडं रीत. का, तर पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि इथली विद्या तिकडं नेणार. वा रे न्याय! हाताला घट्टे पडेपर्यंत घण मारायला पोरगी चालते, आणि पाणी म्हटलं की परकी. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नव्वदीतली सुरुवातीची वर्षं ती. मी एस.टी.नं इस्लामपूरला जात होते, बारावी सायन्सला. एक दिवस केमिस्ट्रीच्या सरांनी लोखंड शिकवायला घेतलं. लोखंडाचे अणू ओळीनं बसलेले असतात, एकमेकांना धरून. घाव बसला की ओळी सरकतात, पण धरलेलं सुटत नाही, म्हणून लोखंड पसरतं, फुटत नाही. पोलादात थोडा कार्बन असतो. लालभडक तापवलं की अणूंची बसायची पद्धत बदलते आणि कार्बन त्यांच्यात शिरतो. सावकाश निवू दिलं तर तो बाहेर पडून बाजूला होतो. एकदम गार पाण्यात घातलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, ओळींना सरकू देत नाही, आणि तेच पोलाद भयंकर कडक होतं. मी बाकावर ताठ बसले. आबांचं गुपित सरांनी सरळ फळ्यावर लिहून टाकलं होतं! तेवढ्यात घंटा झाली आणि सरांनी डस्टर उचललं. त्यांचं काही सांगायचं राहिलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्यात आबा तापानं आडवे झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी काका आले. काका म्हणजे आबांचे जुने दोस्त, विहिरी खोदायचे. त्यांचा भाऊ घण मारायचा आणि हे छिन्नी धरायचे. त्यांनी बोथट झालेल्या चार छिन्न्या दारात टाकल्या.

"उद्या सकाळी पायजेत. खाली काळा कातळ लागलाय, आन् आबा तर असा पडलाय. आता कुणाकडं जाऊ?"

"ठेवा. मी करते."

"पाण्यासकट?"

"पाण्यासकट."

काकांनी मला खालीवर बघितलं. "बापानं शिकवलं व्हय? लय झ्याक केलं." मी नाही म्हटलं नाही. तिथंच सगळं चुकलं.

आई भाता ओढायला बसली. मी टोकं तापवली, ऐरणीवर ठोकून अणकुचीदार केली, पुन्हा लाल केली आणि एकेक छिन्नी बादलीत घातली. चर्र! निवल्यावर कानस घासून बघितली तर ती नुसती घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. मला आभाळ ठेंगणं झालं. सकाळी काकांचा भाऊ येऊन छिन्न्या घेऊन गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळानं आबा उठून बसले. ताप उतरला होता. मी चहा देत म्हटलं, "काकांच्या छिन्न्या दिल्या. पाणीबी मीच पाजलं."

मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "रंग कंचा धरलास?"

"कसला रंग?"

आबांनी कप खाली ठेवला. "पाण्यातनं काढल्यावर टोकावर रंग येतो, त्यो."

"रंगबिंग नाही बघितला. कानस लागत नव्हती एवढी कडक झाली."

"आगं, काच केलीस तू त्याची! घणाखाली कपचा उडंल. त्यो छिन्नीवर तोंड आणून बसतोय, डोळा जाईल त्याचा. पळ!"

विहीर ओढ्याकाठी होती, उसाच्या पलीकडं. मी अनवाणी बांधावरून सुटले. लांबून घण ऐकू येत होता. ठण. ठण. एक ठोका पडला की छातीत धस्स व्हायचं, आणि पुढचा पडला की जीव भांड्यात पडायचा, की अजून धड आहेत. मग आवाज थांबला. मी पळता पळता थांबले. विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन तेवढं धडधडत होतं. पुढच्या ठोक्यासाठी मी माझ्या जन्मात कधी एवढी तळमळले नव्हते. तो पडला नाही.

काठावर जाऊन खाली वाकले. काकांच्या कपाळाला टॉवेल बांधला होता आणि तो लाल झाला होता. आणि ते दुसरी छिन्नी धरून बसले होते. भावानं घण वर नेला होता. मी जीव खाऊन ओरडले, पण इंजिनापुढं कुणाला ऐकू जाणार? मी हाताला लागला तो दगड खाली पाण्यात टाकला. दोघांनी वर बघितलं.

"टाका ती! धरू नका!" मी हातवारे करत ओरडले.

काका शिडीनं वर आले. भुवईच्या जरा वर, डोळ्यापासून बोटभर अंतरावर जखम होती. "कपचा उडाला बघ. आमी म्हटलं, लोखंडच भिकार आसंल. तुझं काम चुकायचं न्हाई."

मला तिथंच रडू फुटलं. "लोखंड नाही काका, मीच भिकार. मला येत नव्हतं, आणि मी येतं म्हटलं."

चारही छिन्न्या गोळा करून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

दुपारी आबा घोंगडं पांघरून भट्टीवर बसले. पहिली छिन्नी लाल झाली तशी मी सवयीनं उठले.

"कुठं निघालीस? बस."

त्यांनी नुसतं टोक बुडवलं, लगेच काढलं, दगडावर घासून पांढरं केलं आणि डोळ्यासमोर धरलं. मागच्या गरम भागाकडून रंग सरकत आले. फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तपकिरी, त्याला जांभळी कड. "हितं," आबा म्हणाले आणि आख्खी छिन्नी पाण्यात गेली. पुढं साताऱ्याला कॉलेजात असताना कळलं, की त्या मागच्या उबेनं अडकलेला थोडा कार्बन सुटा होतो. कडकपणा जरासा जातो, पण ठिसूळपणाही जातो. सरांचं चुकलं नव्हतं. ते अर्धं होतं, आणि मी अर्ध्यावरच उड्या मारल्या होत्या.

उरलेल्या तीन मी केल्या. एकीचा रंग पार निळ्यावर गेला, तर "मऊ झाली" म्हणत आबांनी ती परत आगीत टाकली.

उन्हं उतरताना काका आले, पट्टी बांधून. मी केलेली एक छिन्नी उचलून ते दारातल्या काळ्या दगडापाशी उकिडवे बसले. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आज मी धरते. तुम्ही मारा."

आई ओरडली. आबांनी हातानंच तिला थांबवलं. मी छिन्नी दगडावर उभी धरली. काकांनी घण उचलला. "डोळं तरी मिट की गं," ते म्हणाले.

मी मिटले नाहीत. घण बसला, दगडाचा भुगा तोंडावर उडाला, आणि मी टोक बघितलं. शाबूत होतं.

"चहाचं तू बघ," आबा आईला म्हणाले. "ही आता भट्टीवरनं उठायची न्हाई."