थोरल्या जाऊबाईंची मासळी

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, नवऱ्याशी बोलत नसत इतकं परसातल्या मासळीशी बोलत. त्यांचं तळं म्हणजे आडाशेजारी दगड लावून बांधलेला कमरेइतका खड्डा. पण परंड्यातली निम्मी आळी तो बघायला येई आणि मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापत अक्कांचं कौतुक ऐकत असे. माझ्या पोटात दुखे, ते लपवण्यात अर्थ नाही.

वाटणीत घराच्या मधोमध भिंत आली आणि तळं त्यांच्याकडे गेलं. त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण मामंजी पाळीपाळीनं एक महिना त्यांच्याकडे, एक महिना आमच्याकडे जेवत. निजामाच्या कचेरीत उर्दू दप्तर लिहून लिहून त्यांचे डोळे गेले होते. पाळी माझी असली तरी ऊन उतरलं की म्हणत, "धाकटे, बाज थोरलीच्या परसात टाक." जेवण माझं आणि संध्याकाळ अक्कांची. मासळी वर आल्याचा आवाज ऐकत ते तासन्‌तास बसत. मला माझे वडील आठवत नाहीत. मामंजींनी एकदा तरी आपणहून माझ्या परसात बसावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मीही तळं खणून घेतलं. भोयानं सीना नदीतून घागरभर पिल्लं आणली, तेव्हा अक्का भिंतीवरून डोकावल्या.

"लगीच वतू नगंस गं. घागर तशीच पाण्यात ठिव घटकाभर. नवी सून उंबऱ्यावर थांबती का न्हाय? तसं."

मी ऐकलं, पण त्या आत गेल्यावर.

पिल्लं जगली. आता ती लवकर मोठी व्हायला हवी होती, म्हणजे मामंजींना ऐकू येतील. अक्का चिमूटभर कोंड्यापलीकडे काही टाकत नसत. "पोट जरा रितं असलं की मासळी वर येती," असं म्हणत. मला तो चिक्कूपणा वाटे. पोळ्याला आमच्याकडे घरच्यांआधी बैलांना पुरण मिळतं. मग तळ्यानंच काय पाप केलंय, असं म्हणून मी त्यातही पसाभर पुरण सोडलं. दोन दिवसांत पाण्याला आंबूस वास सुटला आणि सगळी पिल्लं उलटी होऊन तरंगली.

अक्का आल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याबरोबर ते घाण पाणी उपसलं. "बैलाला पचतंय गं पुरण. पाण्याला न्हाय पचत," एवढंच म्हणाल्या. लहानांना जागा व्हावी म्हणून त्या अधूनमधून मोठी मासळी काढत. त्या संध्याकाळी तशी काढून त्यांनी आमच्याकडे कालवण पाठवलं. मामंजींनी काटे चोखून चोखून खाल्लं. माझी मात्र भूक मेली.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का तापानं अंथरुणाला खिळल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माज्या माघारी मासळी तुज्याकडं ने. पर आधी माजं पाणी तुज्या तळ्यात वत आन् मगच मासळी सोड. बिचकती ती." चार दिवसांनी त्या गेल्या. मी सांगितल्याप्रमाणे केलं. एकही मासळी दगावली नाही. त्यांचं तळं आटून गेलं.

दिवसकार्य उरकलं. ऊन उतरल्यावर मी मामंजींची बाज न विचारता माझ्या परसात टाकली. चिमूटभर कोंडा सोडला. मासळी डुबुक डुबुक करत वर आली. मामंजी कान देऊन ऐकत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"थोरलीच्या परसात न्हे मला," ते म्हणाले.

"मामंजी, तिथं आता मासळी न्हाय. समदी हितं आणलीया म्या."

"मालूम हाय. तिकडंच न्हे."

मी त्यांचा हात धरून नेलं. कोरड्या तळ्याशी ते अंधार पडेपर्यंत बसले. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. तरी त्या संध्याकाळी मला अक्कांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्या जिवंत असताना कधी वाटला नव्हता.