बप्पा आणि गच्चीवरचा होला

सकाळी तोंड धुण्याआधी बप्पा वेळूची काठी शोधत. ती घेऊन गच्चीवर चढत आणि होला हाकलत. बीडजवळच्या पालीतलं आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे माझा दिवस त्यांच्या आरोळीनंच सुरू होई : "ऊठ बे! हितं कावून बसतूस? तुझ्या बापाची गच्ची हाय का?"

पाखराचा बाप काढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पाखरू तरी केवढं? साळुंकीएवढं. अंग मातकट तपकिरी, डोक्याला आणि छातीला फिकट गुलाबी झाक, गळ्याशी काळे ठिपके, पाय तांबूस. धरणाकडच्या बाभळींत, खळ्यावर, अंगणात तुरुतुरु चालत दाणे टिपायचे आणि हळू आवाजात घुमायचं, एवढाच त्याचा उद्योग. बप्पांना तेवढाही नव्हता. चाळीस एकरांचा धनी, पण हाकलण्यापलीकडे या गृहस्थानं स्वतःच्या हातानं काही केल्याचं मला आठवत नाही. गडी हाकलले, भावकी हाकलली, थोरला मुलगा भांडून पुण्याला गेला. आणि वर मलाच सांगायचे, "गुरुजी, होला घुमला की घर ओस पडतं. लई वंगाळ पाखरू."

धाकटी सून नर्स. तिची बदली बीडला झाली, तेव्हा नवराबायकोनं ठरवलं की वर दोन खोल्या चढवायच्या आणि इथंच राहायचं. बप्पांनी ही बातमी मला तीनदा सांगितली. तसे हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मापं घ्यायला सगळे गच्चीवर गेले, मीही गेलो. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या गजांमध्ये बप्पांच्या नजरेतून सुटलेलं होल्याचं घरटं होतं. घरटं कसलं, चार काड्यांचा आळशीपणा! फटींतून दोन पांढरी अंडी दिसत होती.

सून म्हणाली, "मामा, महिनाभर थांबू. पिल्लं उडून जातील, मग काम काढू."

"पाखरापायी थांबायचं? माझ्या घरात?" बप्पांनी काठी घातली. अंडी स्लॅबवर फुटली. दोन्ही होले समोरच्या तारेवर जाऊन बसले.

सून रडली-बिडली नाही. "मी नुसतं थांबा म्हणले, तर ही गत. उद्या घरात लेकरू रडलं तर त्याच्यावरबी काठीच का?" एवढं बोलून ती जिना उतरली.

मुलगा घुटमळला. "बप्पा, तुमी एकदा तिला थांब म्हना. एकदाच."

बप्पा तारेकडं बघत राहिले. मुलगाही उतरला. खाली गाडी सुरू झाली, वळली, रस्त्याला लागली.

"बघितलंत का गुरुजी?" काठीनं तारेकडं दाखवत बप्पा म्हणाले, "म्या म्हनत न्हवतो? ह्या पाखरानं घर मोडलं माझं."

खरं तर मला त्यांची कीव यायला हवी होती. मला किळस आली. मी जिन्याकडं वळलो.

"गुरुजी, थांबा की जरा!" मागून हाक आली. उभ्या आयुष्यात बप्पा पहिल्यांदाच कुणाला तरी थांबा म्हणत होते. मी थांबलो नाही.