दहावीपुरतं कंधार

बाळांनो, परवा तुम्ही मला फोनवरूनच फोन कसा वापरायचा ते शिकवलंत. मी ऐकून घेतलं. याच यंत्रावर मी एका मुलीला दहावीपर्यंत नेलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून आता लिहून ठेवते.

भूकंपानंतर मी पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिथली एक विद्यार्थिनी पुढे मेंढपाळाच्या घरात दिली. बऱ्याच वर्षांनी ती मुलीला घेऊन लातूरला आमच्या दारात उभी राहिली. तोवर आमच्या गल्लीत घरोघर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि माझ्या माडीवर डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहत होत्या. हिचं बिऱ्हाड मात्र घोड्याच्या पाठीवर. मुलीची शाळा आठवीनंतर सुटलेली. आईचं म्हणणं एवढंच, दहावी झाली तर बरं, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

मी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तिला साधा फोन दिला आणि वेळापत्रक आखलं. दुपारी मेंढ्या सावलीला बसल्या की तिने टेकाडावर चढून फोन करायचा, कारण रेंज तिथेच. पॅसिव्ह व्हॉइस सुरू असताना मागून मेंढ्या ओरडत. माडीवरच्या मुलींना तो क्लासचा नवा प्रकार वाटला.

हिवाळ्यात मला अनोळखी शेतकऱ्यांचे फोन येऊ लागले. आमच्या वावरात मेंढ्या कधी बसवता? आपल्याकडे रिकाम्या रानात रात्री कळप बसवून घेतात. रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. मुलीच्या वडिलांचा फोन लागत नसे, म्हणून त्यांनी परस्पर माझा नंबर गावोगाव दिला होता. मी मुलीकडे विचारणा केली. वडिलांचा निरोप आला की बाई घरीच असतात. ते खरंच होतं. मग मी रोज धड्याच्या शेवटी तिला सांगू लागले, कोणत्या गावी, कुणाचं वावर.

मार्चमधल्या परीक्षेचं केंद्र कंधारला आलं. कळप मात्र दर मार्चला पाण्यासाठी उदगीरकडे उतरायचा, आणि मुलीला एकटं मागे ठेवणं त्या घरात होणार नव्हतं. मी हदगावच्या शेतकऱ्यांना कळप गुंतलाय म्हणून सांगितलं. उदगीरवाल्यांना थांबायला सांगितलं. कंधारच्या कुणालाही नाही म्हटलं नाही.

मग एक दिवस वडिलांनीच टेकाड चढून फोन केला.

"बाई, यंदा समदे वावरं कंधारचेच कसे?"

"मागणी तिकडची आहे," मी म्हणाले.

"उदगीरवाले काही बोलले न्हाईत?"

"बोलले. त्यांना थांबवलंय."



"पोरीचे पेपर कधी सरत्यात?"

मी सांगितलं.

"तवर बसवतो. पर पाणी लई कमी हाय हितं. मेंढरू मेलं तर तुमच्या दारात आणून टाकीन."

मी बरं म्हणाले. तसं कोणी काही आणून टाकलं नाही. मुलगी पास झाली, गणितात जेमतेम. लग्न पुढे झालंच, पण तिने होकार दिल्यावर.

तिचे वडील आता नाहीत, कळपही निम्म्यावर आलाय. सासरच्या मेंढ्या कुठे बसवायच्या ते ती स्वतःच्या फोनवर ठरवते. दुपारी तिची दोन्ही मुलं मला फोन करून इंग्रजी वाचून दाखवतात. तो तास अजून चालू आहे.