ड्रायव्हरसाहेबांनी गाडी घेतली

मोटार विकत घ्यायला निघालेला माणूस सोबत काय नेतो? फार तर चष्मा आणि एखादा शहाणा मेहुणा. आमचे घरमालक ड्रायव्हरसाहेब कापडी पिशवीतून वेळूची एक काठी नेत. हातभरापेक्षा जराशी लांब, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. शोरूममध्ये शिरले की इंजिन, रंग, किंमत काही न विचारता ते गाडीचं पुढचं डावं दार उघडत, काठी जमिनीवर उभी धरत आणि तिचं वरचं टोक सीटच्या कडेशी जुळतंय का बघत. जुळलं नाही की दार हळूच लावून पुढच्या गाडीकडे वळत. सेल्समन आधी हसायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. हा माणूस माझ्यासोबत आहे हे अशा वेळी कबूल करणं मला जड जाई.

नगरजवळच्या केडगावात त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी पाच वर्षं भाड्याने राहिलो. शाळेतली नोकरी, मागे-पुढे कोणी नाही, त्यामुळे रविवार मला खायला उठायचा. साहेब एसटीत बत्तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते. स्वयंपाकघरातल्या लोखंडी खाटेवरून तेवढं त्यांना कुणाचा हात न धरता उठता येई. त्याहून खाली बसल्या की उठवायला माणूस लागे आणि त्याहून उंच असलं की चढता येत नसे. ती काठी म्हणजे त्या खाटेची उंची होती.

गाडीसाठी त्यांनी पाच लाख बाजूला काढून ठेवले होते. कर्ज काढायचं नाही आणि मुलीकडून घ्यायचं नाही, हे ठरलेलं. पाच लाखांत नवी गाडी येत होती ती लहान आणि बुटकी, सीट काठीपेक्षा चार बोटं खाली. काठीला बरोबर जुळणारी नवी गाडी पाच लाखांत बसत नव्हती. जुळणारी आणि बसणारी अशी गाडी होती, पण ती दुसऱ्याने आठ-दहा वर्षं वापरलेली. म्हणजे बुटकी नवी घ्यायची की उंच जुनी, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या कुणी तो एका रविवारात सोडवला असता. साहेबांना दोन वर्षं पुरला.

याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. फेरी संपवून डेपोत आलं की गाडीत काय बिघडलंय ते वहीत लिहून द्यायचं, ही त्यांची बत्तीस वर्षांची सवय. तशीच एक वही त्यांनी मोटारींसाठी केली होती. मनमाड रोडला जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे आम्ही एक छान पांढरी, उंच गाडी पाहिली. साहेब सरळ खाली निजले, गाडीखाली शिरले आणि पाठीला धूळ घेऊन बाहेर आले. "गिअरबॉक्स गळतोय हिचा," म्हणाले आणि वही काढली. मी वैतागून म्हटलं, "साहेब, एकदा तरी गाडीत चांगलं काय आहे ते लिहा." त्यावर ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "मास्तर, मला चांगलं दिसायची सवयच न्हाई. वाईट तेवढंच लिवून द्यायचं, चांगलं असंल तर गाडी चालतीच की."

आणखी एकदा, सावेडीच्या एका शोरूममधून बाहेर पडताना, ते आपण होऊन बोलले. "डेपोनं जी गाडी दिली ती घेतली. रूट दिला त्यो चालवला. ह्यातली कुठली पायजे असं कुनी कधी इचारलंच न्हाई हो. आता इचारत्यात तर मला घाम फुटतो." मी हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं.

काकूंना या सगळ्याची गंमत वाटे. संध्याकाळी ओट्यालगतच्या खाटेवर बसून त्या भाकरी थापत आणि आम्ही परतलो की न वळता विचारत, "आज कुठल्या गाडीत खोट निघाली?" मात्र एकदा साहेब बाहेर गेलेले असताना त्या मला म्हणाल्या, "मास्तर, माजा जलम ह्यांच्या गाडीची वाट बघन्यात गेला. म्हायेराला जाताना ह्यांचीच गाडी मिळायची कधी कधी. पन मी मागं बायकांच्यात आन हे पुढं. पारनेर येईस्तवर नुसती मान दिसायची ह्यांची. एकदा शेजारी बसून जायचंय मला." त्यांचं माहेर पारनेरच्या पुढे होतं. मी हे साहेबांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणारच, नाहीतर काठी फक्त पुढच्या डाव्या दाराशीच का लावली असती?

शेवटी काकूंनीच हट्ट धरला की मला एकदा नेऊन बसवून बघा, काठीला काय कळतंय. रिक्षाने तिघं गेलो. बुटक्या नव्या गाडीत काकू झोकात बसल्या, पदर सावरला, समोरच्या आरशात बघितलं. उतरताना मात्र काही केल्या उठता येईना. साहेबांनी एक हात धरला, सेल्समनने दुसरा, मी पाठीला आधार दिला. तेवढ्यात शोरूममधली चार माणसं जमली. काकू हसून हसून लाल झाल्या होत्या. साहेब हसले नाहीत. रिक्षातच त्या गाडीचं पान वहीतून फाडलं गेलं. घरी आल्यावर काकू मला हळूच म्हणाल्या, "मला न्हाई वाटली लाज. ह्यांनाच लई वाटली."

त्यानंतर महिन्याभरात पुण्याहून मुलगी आली. तिच्या ओळखीचे डॉक्टर होते, गुडघे बदलायचे ठरले. मुलीच्या इमारतीला लिफ्ट, घरात मोलकरीण, त्यामुळे पुण्यातच राहायचं. काकू एक लहान बॅग घेऊन, दोन महिन्यांत येते म्हणून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तंवर ह्यांना गाडी घ्यायला लावा." ऑपरेशन नीट झालं. मग नातीच्या शाळेचं पहिलं वर्ष आलं, मुलीला नोकरीवर सकाळी लवकर निघावं लागे, पोरीचा डबा कोण करणार? दोनाचे सहा महिने झाले आणि सहाचं वर्ष.

साहेब खाली एकटे, मी वर एकटा. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येत, एवढी शांतता असे. मग आम्ही एकत्र जेवू लागलो. रोज जेवणाआधी काकूंचा फोन यायचा. फोनचा आवाज मोठा करून ठेवायची साहेबांची सवय, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येई. "जेवलात का? गाडी घेतली का?" हे दोन प्रश्न ठरलेले. "बघतोय," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. रविवारी आम्ही अजूनही गाड्या बघायला जात होतो, पण काठी घरीच राहायची. काकूंचे गुडघे नवे झाल्यावर ती कशाला न्यायची, हे आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं.

एका संध्याकाळी फोन आला. काकूंनी जेवणाचं विचारलं, नातीला खोकला झाल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. गाडीचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब ताटावर बसून बराच वेळ फोनकडे बघत राहिले. म्हणाले, "इसरली वाटतं." मी भाजी वाढून घेतली. त्यांच्या ताटात वाढायचं धैर्य झालं नाही.

त्याच शनिवारी त्यांनी गाडी घेतली. शाळा सुटून मी आलो तर गल्लीत गाडी उभी. तीच बुटकी, जिच्यातून आम्ही काकूंना ओढून काढलं होतं. रंग कुठला हवा हेसुद्धा त्यांनी सेल्समनवर सोडलं होतं आणि त्याने न खपणारा विटकरी गळ्यात मारला होता. वहीत काय लिहिलं, असं मी चेष्टेने विचारलं. "काय न्हाई," म्हणाले, "चांगली हाय." त्यांच्या तोंडून गाडीबद्दल हे मी पहिल्यांदाच ऐकलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. शेजारपाजारच्यांनी पेढे खाल्ले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्याला निघालो. मी पुढे बसलो. ते चाळिसाच्या पुढे गाडी नेईनात. सुपा आलं, शिरूर आलं, तिथल्या स्टँडजवळ त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मी म्हटलं, "साहेब, आत घेता का? कंट्रोलरची सही घेऊन येतो." ते मनापासून हसले. वाटेत त्यांनी मला तीन वेळा सांगितलं की आता थंडी संपली, हिला यायला काही हरकत नाही. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

काकू खाली उतरून वाटच बघत होत्या. चालत आल्या, आधाराला काठी नाही, कुणाचा हात नाही. मी उतरून मागच्या सीटवर गेलो. त्यांनी दार उघडलं आणि आपण होऊन आत बसल्या, अगदी सहज. साहेबांची नजर काकूंच्या गुडघ्यांवर होती. मुलीच्या सोसायटीतून निघालो, कालव्याच्या कडेने लांब एक चक्कर मारली, एका देवळाबाहेर चहा प्यालो. काकू म्हणाल्या, "बरी हाय की हो गाडी. तुमी लई हळू चालवता पन." चहा संपवून पुन्हा निघालो. मला मागून दोघांच्या माना दिसत होत्या.

रस्त्यावरची नजर न हलवता साहेब म्हणाले, "असंच पुढं काढू का केडगावला? म्हायेरालाबी जाऊन येऊ."

"आज?" काकू म्हणाल्या. "अवो, उद्या पोरीची परीक्षा हाय. तिला माज्याशिवाय घास जात न्हाई." मग म्हणाल्या, "येईन की. सुट्टीत येईन."

"ये," साहेब म्हणाले.

पुढच्या चौकातून त्यांनी गाडी वळवली. इमारतीच्या दाराशी थांबवली आणि सवयीने त्यांचा हात आधाराला पुढे झाला. तोवर काकू एका दमात उतरून बाहेर उभ्या होत्या. दोन वर्षं ज्यासाठी आम्ही नगरमधली शोरूमं धुंडाळली, ते इतकं सोपं झालं होतं. त्यांनी खिडकीतून आत वाकून मला म्हटलं, "जेवायला घाला ह्यांना येळंवर," आणि लिफ्टकडे गेल्या. लिफ्टचं दार लागेपर्यंत साहेबांनी गाडी सुरू केली नाही. मी उतरलो आणि पुढे बसायला म्हणून डावं दार उघडलं.

"मागंच बसा, मास्तर," ते म्हणाले.

मी दार लावलं आणि केडगाव येईपर्यंत मागेच बसून राहिलो.