पूर्णतः सहमत

छापील प्रश्नावलीवर इतका भाबडा विश्वास असलेला दुसरा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर आमचे हे सहकारी त्याच्याकडूनही एक प्रश्नावली भरून घेतील. ते आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसतात. टाळेबंदी उठली तरी आमच्याकडे शनिवारचे तास मोबाइलवरच राहिले. परिपत्रकात त्याला ई-लर्निंग म्हणतात. बाकीचे आम्ही ते तास उरकतो. सर मात्र शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर उभे राहतात, आपला आवाज एकाच वेळी वीस गावांत पोचतो असं अभिमानाने सांगतात. पीएचडीलाही त्यांनी तोच विषय घेतला: ई-लर्निंगचा विद्यार्थ्यांनी केलेला स्वीकार. त्यानंतर दोन प्राचार्य निवृत्त झाले, स्मार्ट बोर्डावर धूळ बसू नये म्हणून चादर पडली, पण संशोधन काही संपेना.

जगातली कोणतीही गोष्ट 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' या पाच पायऱ्यांवर बसवता येते, असं त्यांचं मत आहे. प्राचार्यांचं भाषण कसं झालं असं विचारलं, तर ते गंभीरपणे 'अंशतः' एवढंच म्हणतात. एकदा वहिनींनी वांग्याची भाजी कशी झाली म्हणून विचारलं, तर 'तटस्थ' म्हणाले. "मंग मीबी तटस्थ राह्यली," वहिनी मला सांगत होत्या, "संध्याकाळी गॅस पेटवलाच नाही."

प्रश्नावलीची लिंक त्यांनी आधी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. तिच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं रांगेने उमटली. लिंक कोणी उघडली नाही. मग त्यांनी ई-लर्निंगची ती प्रश्नावली झेरॉक्स करून आणली आणि भर उन्हाळ्यात, डोक्याला रुमाल गुंडाळून, वाटत फिरले. यातला विनोद मी त्यांच्या लक्षात आणून दिला. त्यांनी मला एक प्रश्नावली दिली.

भरलेले कागद परत आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. झाडून सगळे विद्यार्थी प्रत्येक विधानाशी पूर्णतः सहमत होते. घोटाळा एकोणिसाव्या विधानाने केला. न वाचता खुणा करणारे सापडावेत म्हणून ते मुद्दाम उलटं घातलं होतं: 'ई-लर्निंगमुळे मला काहीही समजले नाही.' त्याच्याशीही सगळे पूर्णतः सहमत होते.

सर तडक वर्गात गेले. मी गंमत पाहायला मागोमाग गेलो. पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला त्यांनी उभं केलं.

"काऊन बे, तिसऱ्यात म्हणतं सारं समजलं, एकोणिसाव्यात म्हणतं काहीच नाही समजलं. वाचलं तरी होतं काय?"

"वाचलं ना सर."

"मंग?"

"तुम्ही एवढ्या उन्हात कागद घेऊन फिरून राह्यले, तुम्हाले नाही कसं म्हणावं? तुमचं काम अडकाले नको."

सगळा वर्ग माना हलवत होता. इतक्या मायेने कुणाचं संशोधन बुडवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

मार्गदर्शकांनी फोनवर सोपा उपाय सांगितला: एकोणिसावं विधान काढून टाका आणि प्रबंध सादर करा. नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती, पुढे वाढ मिळणार नव्हती. मीही तेच म्हणालो. मी पुष्कळ प्रबंध पाहिले आहेत. बाइंडिंगवाल्यानंतर त्यांची पानं कोणी उलटल्याचं ऐकिवात नाही. "तुमचं बरोबर हाय," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन विद्यार्थ्यांच्या घरी जायला लागले. अमडापूर झालं. डोणगावला जायचं ठरलं तेव्हा रविवार होता, म्हणून मीही गाडीवर मागे बसलो.

तिथे आमची एक विद्यार्थिनी ओसरीत कागद मांडीवर घेऊन बसली. पेन हलेना. आई चहा घेऊन आली. "भर ना वं लवकर, सर ताटकळून राह्यले."

"सर, 'नाही' असं लिहिलं तर तुमचं नुकसान होईन काय?"

"नुकसान तुमच्या 'हो'नंच होऊन राह्यलं, माय. खरं काय ते लिही."

तिने पेन खाली ठेवलं. "शनिवारी तुम्ही विचारता ना सर, समजलं काय म्हणून? मी कॅमेरा बंद करून हो म्हणून टाकते. सारेच म्हणतात. तुम्ही एवढं जीव तोडून शिकवता, अन् तुम्हाले समोर कोणीच दिसत नाही. आम्हाले कसंतरीच वाटते."

सरांनी हातातला कप खाली ठेवला.

"कुठून नाही समजलं?"

"पह्यल्यापासून."

त्यांनी तिच्या मांडीवरची प्रश्नावली घेतली, उलटी केली, कोऱ्या बाजूवर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली आणि मागणीचा नियम सांगायला सुरुवात केली. आई दुसऱ्यांदा चहा ठेवायला आत गेली.

मुदत संपली. सर डॉक्टर झाले नाहीत, आणि आता होणारही नाहीत. उरलेले कागद घेऊन ते अजून रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाला जातात. वर्गात एखाद्याने चाचरत 'नाही समजलं सर' म्हटलं, की त्यांचा खूश झालेला आवाज मधल्या भिंतीतून माझ्या तासाला ऐकू येतो. तेवढा वेळ मी थांबतो. मग माझ्या विद्यार्थ्यांना विचारतो, "समजलं ना?" ते एका सुरात हो म्हणतात, आणि मी पान उलटतो.