आईच्या डोक्यावरचा पंखा

"ए, ही म्हातारी कोण?"

मालकीणबाईंनी दारातूनच विचारलं. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकी म्हणायचो. काकी चपला घालून थेट आत आल्या. माझी आई खाली सतरंजीवर निजली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अंबाडी गावाच्या पलीकडच्या खेड्यातून मीच तिला आणली होती. तिकडे डोळ्यात थेंब टाकायला कुणी नव्हतं.

कामतघरला, कापडाच्या लूमांच्या वस्तीत, आमची चाळ. सगळ्या खोल्यांना मिळून एकच मीटर, तो मालकाच्या नावावर. बिल आलं की माणसं मोजून वाटणी. त्या महिन्यात बिल जास्त आलं, म्हणून काकी खोल्या तपासत निघाल्या होत्या. कोण चोरून शेगडी लावतं, कोण रॉडवर पाणी तापवतं. पलंगाखाली बघायच्या, कपाट उघडायच्या. कुणी काही बोलायचं नाही.

माझ्याकडे शेगडी सापडली नाही. मग त्यांनी आईचं बोचकं सोडलं. उलटं केलं. लुगडं पडलं. परकर पडला. औषधाची बाटली गडगडत दारापर्यंत गेली. दारात शेजारपाजार जमलेला.

काकींनी वर बघितलं आणि पंख्याचं बटण बंद केलं.

"गावाला झाडाखाली बसायची सवय. इथं आली की लगेच पंखा लागतो हिला."

आई चाचपडत उठून बसली. तिने हात जोडले. जन्मभर लोकांच्या शेतात भात लावलेले हात. थोड्या वाऱ्यासाठी जोडले.

"चुकलं बाय. मी उद्या जातंय घरी."

मी दारातली औषधाची बाटली उचलून आणली. नवरा लूमवरून आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गप राहा. दुसरी खोली कुठं मिळते?"

सकाळी आई गेली. यष्टीत बसताना म्हणाली, "भांडू नको गो तिच्याशी. तुला राहायचंय तिथं." पुन्हा कधी राहायला आली नाही. किती बोलावली. नाही म्हणजे नाही.

मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. लूमच्या खडखडाटात शेजारच्या बाईचंही ऐकू येत नाही. तिथे मी मोठमोठ्याने बोलायला लागले. काकींना जे बोलायला पाहिजे होतं, ते सगळं. शिव्यासुद्धा. आणि बोलता बोलता लक्षात आलं. आम्ही फुकट राहत नव्हतो. लाइट फुकट जाळत नव्हतो. तरी आम्ही चोर. कारण खोली जाईल ही भीती. त्या भीतीच्या जोरावर काकी आमच्या घरात घुसत होत्या.

पुढचं बिल आलं. काकी पुन्हा निघाल्या. मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिले.

"सरक."

"न्हाय सरकत. भाडं देते, लाइटचा वाटा देते. आत यायचं तर मला विचारायचं. मी हो म्हटलं तर यायचं."

काकी हसल्या. बाहेरच्या बोर्डावरून माझ्या खोलीचा फ्यूज उपटला आणि मुठीत धरला. "आता बस अंधारात."

पण मी दार सोडलं नाही.

शेजारची रुखसाना बाहेर आली. तिचा नवरा रात्रपाळी करून आत झोपलेला. पंख्याशिवाय तो झोपूच शकत नव्हता. ती म्हणाली, "काकी, मेरा भी निकालो."

"तेरा क्या संबंध?"

"इसका निकाला ना? तो मेरा भी निकालो."

शेवटच्या खोलीतली बाई ओरडली, "माझा पण काढा." बाकीच्यांनी दारं लावून घेतली. आम्ही तिघीच. पण तिघी होतो. काकी फ्यूज पायरीवर टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी मालक आला. "महिनाअखेर खोली खाली कर."

केली. नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता दुसऱ्या चाळीत राहते. इथेही मीटर एकच. इथला मालक म्हणतो, पाहुणा आला की वाटणी वाढेल, आणि मी कधीही तपासायला येईन. मी आल्याबरोबर दारोदार फिरले. आता सगळ्या बाया मिळून त्याच्याकडे खोलीगणिक वेगळा मीटर मागतोय. काल त्याने मला एकटीला बाजूला घेतलं.

"तूच भडकवतेस सगळ्यांना. खोली पाहिजे ना तुला?"

"पाहिजे," मी म्हटलं. "आणि मीटर पण पाहिजे. या वेळेला मी खोली सोडणार न्हाय."